देवगिरी : आधी माथा, मग पायथा

संभाजीनगरहून वेरूळला निघालेली गाडी वाटेत देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याला, थांबते आणि ड्रायव्हर सांगतो, "तासाभरात या." तासाभरात काय होतं? महाकोटाचे, म्हणजे मधल्या तटाचे, दरवाजे, हत्ती हौद, भारतमातेचं मंदिर, चांद मिनारासमोर फोटो, आणि परत. मग घरी गेल्यावर 'दौलताबाद झाला' असं सांगितलं जातं. पण खंदक, तासलेला कडा आणि डोंगराच्या पोटातली अंधारी, म्हणजे ज्या गोष्टींमुळे हा किल्ला बेलाग ठरला त्या सगळ्या, मिनार मागे टाकल्यावर सुरू होतात. मिनारापर्यंत जाऊन परतणं म्हणजे वाड्याच्या देवडीतून माघारी फिरण्यासारखं आहे.

त्यामुळे पहिलं सांगणं हे, की देवगिरीसाठी तीन तास काढा. चार काढलेत तर निवांत बघून होईल. आणि दुसरं, जे गाइडही सहसा सांगत नाहीत: आत शिरल्यावर खालच्या वास्तूंमध्ये रेंगाळू नका. सरळ चालत राहा, आधी माथा गाठा आणि खालचं सगळं उतरताना बघा. सकाळची हवा चढाईसाठी वापरायची, ऊन चढल्यावर भारतमातेच्या मंदिराच्या आणि महालांच्या सावलीत फिरायचं. उलट केलं की काय होतं ते रोज दिसतं. लोक खाली दीड तास घालवतात, अकरा-साडेअकराला खंदकाशी पोचतात, वर बघतात आणि "आता नको" म्हणतात.

पोचायचं कसं

किल्ला शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर, वेरूळच्या रस्त्यालाच आहे. मध्यवर्ती बसस्थानकावरून खुलताबाद, वेरूळ, कन्नडकडे जाणाऱ्या एसटीच्या गाड्या किल्ल्यासमोरून जातात. मात्र लांब पल्ल्याची किंवा विनाथांबा गाडी इथे थांबेलच असं नाही, तेव्हा चढण्याआधी कंडक्टरला विचारून घ्या. परतीची बस ही खरी अडचण असते. संध्याकाळी वेरूळहून येणाऱ्या गाड्या तिकडूनच भरून येतात आणि किल्ल्याच्या थांब्यावर उभं राहायलाही जागा मिळत नाही. बसनेच परतायचं असेल तर दुपारी निघा. रिक्षा किंवा गाडी ठरवताना 'थांबण्याचे तास' आधी बोलून घ्या, तीन तास हा शब्द स्पष्ट वापरा. नाहीतर तासाभराने फोन सुरू होतात आणि अंधारीच्या तोंडाशी उभं राहून घासाघीस करावी लागते. दौलताबाद नावाचं रेल्वे स्टेशन मनमाडच्या मार्गावर आहे, पण फार थोड्या गाड्या तिथे थांबतात. त्यावर बेत आखू नका.

किल्ल्यापासून पुढे खुलताबादकडे निघालं की रस्ता बाहेरच्या तटाच्या, म्हणजे अंबरकोटाच्या, दिल्ली दरवाजातून जातो. दरवाजा जुना आणि अरुंद, त्यामुळे दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की कोंडी ठरलेली. शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीची गर्दी असते. श्रावणातले शनिवार आणि हनुमान जयंती यांना तर शहरातून लोक रात्रभर पायी खुलताबादला जातात आणि हाच रस्ता माणसांनी फुलून जातो. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला घृष्णेश्वराचे भाविक. या दिवशी किल्ला आणि वेरूळ एकाच दिवसात बसवण्याचा हट्ट सोडा.

वारांचंही गणित आहे. वेरूळ लेणी मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. किल्ला मात्र आठवडाभर उघडा असतो. म्हणून मंगळवार देवगिरीला द्यावा आणि उरलेल्या वेळात बीबी का मकबरा आणि पाणचक्की करावी. किल्ला आणि वेरूळ एकाच दिवशी करायचंच असेल तर क्रम ठरलेला आहे: सकाळी किल्ला, दुपारनंतर वेरूळ. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतरचा उजेड त्यावर चांगला पडतो. सकाळी वेरूळ आणि दुपारी किल्ला असं केलंत तर दोन्हीकडचा उजेडही गेला आणि पायही.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडे आहे. भारतीयांना रोख तिकीट २५ रुपये, ऑनलाइन काढलं तर २०. परदेशी पाहुण्यांना रोख ३०० रुपये, ऑनलाइन २५०. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दारात गाइड मिळतात आणि चांगला गाइड इथे पैसे वसूल करून देतो, कारण फसवे दरवाजे आणि अंधारीतल्या खोड्या दाखवल्याशिवाय दिसत नाहीत. फक्त ठरवताना एकच प्रश्न विचारा: कुठपर्यंत येणार? 'अंधारी संपेपर्यंत' असं कबूल करून घ्या. बरेच जण खंदकाच्या अलीकडच्या मेंढा तोफेशीच निरोप घेतात.

बरोबर काय असावं

पाणी. दारातून आत गेल्यावर विकत काही मिळेल असं धरून चालू नका. हिवाळ्यात माणशी एक लिटर पुरतं. फेब्रुवारीनंतर दोन लिटर घ्या, कारण मराठवाड्याचं ऊन काळ्या दगडावर पडतं आणि तो दगड ते तुमच्यावर परत टाकतो. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. त्या दिवसांत सकाळी दहाच्या आत माथ्यावर नसाल तर वर न गेलेलं बरं.

पायात रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट. पायऱ्या बेसॉल्टच्या आहेत आणि शेकडो वर्षांच्या पावलांनी मधोमध गुळगुळीत झाल्या आहेत. चप्पल चढताना चालून जाते, उतरताना दगा देते. पावसाळ्यात या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. तेव्हा पायरीच्या मधल्या चकचकीत भागावर पाय न ठेवता कडेच्या खरखरीत भागावर ठेवा.

बॅटरी वेगळी आणा. मोबाइलचा उजेड पुरतो असं वाटतं, पण अंधारीत एक हात भिंतीला लागतो, दुसऱ्यात मोबाइल, आणि तोल गेला की आधी मोबाइल जातो. डोक्याला बांधायची बॅटरी असेल तर उत्तम.

खाण्याचं शक्यतो खालीच उरका. किल्ल्यावर वानरांच्या टोळ्या आहेत आणि प्लास्टिकच्या पिशवीचा कुरकुर आवाज त्यांना दुरूनही ओळखू येतो. हातात पिशवी दिसली की ती गेलीच समजा. डबा सॅकमध्ये, सॅकची चेन बंद, आणि मुलांच्या हातात बिस्किटाचा पुडा नको. वानर समोर आलं तर ओढाताण करू नका. बहुतेक इजा पिशवी परत खेचताना होतात.

दारापासून खंदकापर्यंत

महाकोटाचे दरवाजे एका रेषेत नाहीत. एक ओलांडला की समोर भिंत येते, वळावं लागतं, मग पुढचा. हत्तीला किंवा ओंडका घेऊन धावणाऱ्या माणसांना धाव घेता येऊ नये म्हणून ही रचना. दाराच्या फळ्यांवरचे लोखंडी खिळे जवळून बघा. ते हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत. चौकात तोफा मांडून ठेवल्या आहेत. त्या आता नको, उतरताना बघू.

इथून पुढे रस्ता बराचसा सपाट आहे. हौद, मंदिर, मिनार यांच्याकडे नजर टाकत चालत राहा. कालाकोटाचा दरवाजा ओलांडला की चढ जाणवू लागतो, आणि थोड्या वेळात तुम्ही खंदकाच्या काठावर येता.

इथे मात्र थांबा. दहा मिनिटं द्या. समोर जे दिसतं ते बांधलेलं नाही, कोरून काढलेलं आहे. सुमारे २०० मीटर उंचीचा हा सुटा डोंगर, आणि त्याचा खालचा सगळा घेर तासून भिंतीसारखा उभा केला आहे. घोरपडीलाही नख रोवायला जागा मिळू नये इतका सरळ. तळाशी खंदक, तोही खडकातच खोदलेला. नीट पाहिलं तर कड्यावर छिन्नीचे घाव दिसतात. पुलाकडेही लक्ष द्या. जुना दगडी पूल मधल्या भागात खाली उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. तो असा का? खंदकातलं पाणी वाढवलं की हा मधला भाग बुडायचा आणि पलीकडे जायचा मार्गच नाहीसा व्हायचा.

यादव राजा पाचवा भिल्लम याने बाराव्या शतकाच्या अखेरीस इथे राजधानी वसवली. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने यादवांना शरण यायला लावलं. १३२७ साली मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलवली आणि नाव दौलताबाद केलं. पुढे बहमनी, निजामशाही, १६३३ मध्ये मुघल, १७६० नंतर थोडा काळ मराठे, मग हैदराबादचा निजाम. एवढे मालक बदलले, पण भेद, वेढा, उपासमार किंवा तह याच वाटांनी बहुतेक वेळा किल्ला हातातून गेला. समोरून चढून जाणं का जमत नसे ते या पुलावर उभं राहिलं की आपोआप कळतं.

अंधारी

पूल ओलांडला की थोड्याच अंतरावर अंधारी सुरू होते. डोंगराच्या पोटातून वर नेणारा हा बोगदा, वळणावळणाचा आणि पायऱ्यांचा. माथ्याकडे जायची जुनी वाट एवढी एकच होती. इथल्या पायऱ्या मुद्दाम कमी-जास्त उंचीच्या आहेत. आपण जिना चढताना दोन-तीन पायऱ्यांतच पावलाला उंचीची सवय करून घेतो आणि मग न बघता चढतो. अंधारी नेमकी तीच सवय मोडते. चौथ्या पायरीला ठेच लागते. शत्रूची फौज अंधारात अशी अडखळत येणार, आणि वळणावर आडोशाला उभा असलेला एकटा पहारेकरी तिला पुरून उरणार, असा हिशेब. एके ठिकाणी उजेड दिसतो आणि पाय आपसूक तिकडे वळतात. ती वाट थेट खंदकाच्या वर उघडते, आता तिथे अडसर आहे. वरच्या तोंडावर लोखंडी झाकण टाकून विस्तव पेटवायची सोय होती, म्हणजे धूर आत कोंडून वाट बंद करता यायची.

आता प्रत्यक्ष जायचं कसं. आत शिरण्याआधी अर्धा मिनिट दाराशी थांबा, डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. बॅटरीचा झोत पायाशी ठेवा, छताकडे नको. छताला वटवाघळं लटकलेली असतात आणि उजेड पडला, आरडाओरडा झाला की ती एकदम उडतात. ती अंगावर येत नाहीत, पण दचकून मागे सरणारा माणूस मागच्याला घेऊन पडतो. अंधारीतले बहुतेक अपघात असेच होतात. एक हात भिंतीला, एकामागे एक, आणि पुढच्या माणसात दोन पायऱ्यांचं अंतर. उंच माणसांनी मान वाकवून चालावं. काही ठिकाणी छत खाली येतं.

वटवाघळांच्या विष्ठेचा वास उग्र असतो, नाकाला झोंबतो. दमा असलेल्यांनी या वाटेने जाऊ नये. बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी, तान्ह्या बाळाला कडेवर घेतलेल्यांनीही नको. त्यांच्यासाठी बाहेरून काढलेल्या पायऱ्या आहेत, त्या अंधारी टाळून वर नेतात. तिथल्या पहारेकऱ्याला विचारा, तो वाट दाखवतो. आणि सगळ्यांसाठीच एक नियम: चढताना अंधारी, उतरताना बाहेरच्या पायऱ्या. उतरताना अंधारात पुढची पायरी किती खोल आहे ते कळत नाही आणि गुडघे आधीच थकलेले असतात.

माथ्याकडे

अंधारीतून बाहेर आलं की गणपतीचं ठाणं. वारा लागतो, घाम वाळतो, आणि निम्मे लोक इथून परत फिरतात. फिरू नका. अवघड भाग मागे पडला आहे. पुढच्या पायऱ्या उघड्यावर आहेत, रुंद आहेत, फक्त ऊन आहे. एकूण पायऱ्या साडेसातशेच्या घरात सांगतात. मोजत बसू नका, पन्नासएक झाल्या की श्वास घ्या.

बारादरी ही मुघल काळातली देखणी इमारत. तिच्या कमानींतून पूर्वेकडचा सगळा मुलूख दिसतो, आणि खालचे तिन्ही तट एकात एक कसे आहेत ते इथून उलगडतं: बाहेर अंबरकोट, मध्ये महाकोट, आत कालाकोट. खालून चालताना हे दरवाजे नुसते एकामागून एक येतात, नकाशा डोक्यात बसत नाही. माथा आधी करण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच आहे. इथून एकदा बघून घेतलं की उतरताना प्रत्येक भिंत आपल्या जागी दिसते.

बारादरीच्या वर जनार्दनस्वामींची गुहा आहे. निजामशाहीच्या काळात ते या किल्ल्याचे किल्लेदार होते, आणि पैठणहून आलेल्या एकनाथांनी त्यांच्याजवळ इथेच राहून विद्या घेतली. बरेच भाविक केवळ इथल्या त्यांच्या पादुकांसाठी चढतात. पायातलं बाहेर काढून, शांतपणे दर्शन घ्यावं. शेवटी माथ्यावरचा बुरुज आणि तोफ. तटाच्या कठड्यावर चढून फोटो काढू नका. वर वारा अचानक जोर धरतो आणि कठडे कमी उंचीचे आहेत.

हिवाळा संपला की माथ्यावरचं आणि उतारांवरचं गवत वाळून कोळ होतं. एका काडीने डोंगर पेटतो. बिडी-सिगारेट वर नेऊच नका. आणि कड्याला मोहोळ लटकलेलं दिसलं तर त्याखाली थांबू नका, आवाज करू नका.

उतरताना

आता पाय मोकळे, घाई नाही. खंदकाच्या अलीकडे मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं ओतलेलं आहे, शिंगांचा पीळ हात फिरवून बघावा असा. तोफेवर फारसी लेख आणि औरंगजेबाचं नाव आहे. बुरुजाच्या मध्यावर बसवलेली असल्याने ती चहूकडे फिरवता यायची. तिच्यावर बसून फोटो काढणारे रोज भेटतात आणि लेखाची अक्षरं रोज थोडी झिजतात. बसू नका.

जवळच चिनी महाल. बाहेरून नुसती पडकी भिंत वाटते, पण दर्शनी भागावर निळ्या-पांढऱ्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. पूर्ण इमारत तशी मढवलेली होती असं मनात आणा, म्हणजे नावाचा अर्थ लागेल. १६८७ साली गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा कुतुबशाह, अबुल हसन तानाशाह, इथे कैदेत होता. इथेच त्याचा अंत झाला.

चांद मिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला. आत चढता येत नाही. समोरून फोटो काढण्यापेक्षा थोडं मागे, हौदाच्या बाजूला जा. मिनार आणि मागचा डोंगर एका चौकटीत येतात.

भारतमातेचं मंदिर म्हणजे मूळची १३१८ सालची मशीद, तीही जुन्या देवळांचे खांब वापरून उभी केलेली. १९४८ नंतर इथे भारतमातेची मूर्ती बसवली गेली. खांबांच्या रांगेत शिरा आणि एकेक खांब बघा, नक्षी प्रत्येकावर निराळी आहे. बाहेर ऊन असताना या सावलीत अर्धा तास कसा जातो कळत नाही. शेवटी हत्ती हौद आणि सरस्वती बावडी. एवढ्या डोंगराला आणि वस्तीला पाणी कुठून पुरायचं याचं उत्तर या दोन ठिकाणी आहे. हौदाच्या काठाला कठडा सगळीकडे नाही, मुलांचा हात सोडू नका.

ज्यांना चढणं शक्य नाही त्यांनीही किल्ला टाळू नये. गुडघे दुखणारे आजी-आजोबा बावडी, हौद, मंदिर आणि मिनार आरामात बघू शकतात, काठी असेल तर चिनी महालापर्यंतही जाता येतं. त्यांना दारापाशी गाडीत तीन तास बसवून ठेवू नका. मंदिराच्या सावलीत सतरंजी आणि पाण्याची बाटली देऊन बसवा, आणि तुम्ही वर जाऊन या. कुठे भेटायचं ते आधीच ठरवा, वर-खाली मोबाइल लागेलच याचा भरवसा नको.

दिवाळीच्या आसपास गेलात तर बाहेर टोपल्यांत सीताफळं दिसतील. दौलताबादचं सीताफळ नावाजलेलं आहे. प्रवासात न्यायचं असेल तर डोळे उघडलेलं, म्हणजे खवल्यांमधल्या रेघा पिवळसर झालेलं, पण दाबल्यावर घट्ट लागणारं घ्या. मऊ लागलं तर ते तिथेच, गाडीत बसायच्या आधी खाऊन टाका.